रूथबाईंनी न लिहिलेल्या दोन ओळी

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. मी दाढी करीत होतो. चर्चच्या चौकीदाराची सुमती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, मावशी गेल्या." मी उरलेली अर्धी दाढी पूर्ण केली, धुतलेला सदरा घातला आणि निघालो. अर्धवट दाढीने कोणी आपल्या दारात आलेले रूथबाई साळवे यांना चालले नसते.

नऊच्या सुमारास गावच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांपैकी एक गृहस्थ बाईंच्या ओसरीवर आले. चप्पल न काढता उभ्यानेच त्यांनी निरोप सांगितला. मंडळीच्या दफनभूमीत बाईंचे यजमान साळवे मास्तर यांच्या शेजारची जागा रिकामी आहे. ती बाईंना मिळू शकते. त्यासाठी मुलाने दोन ओळी लिहून द्याव्यात: आमच्या आईने पाळकांच्या शिकवणीविषयी आणि पदवीविषयी जे काही म्हटले ते चुकीचे होते, कुटुंबाला त्याचा खेद आहे. मजकूर त्यांनी तयारच आणला होता. खाली फक्त सही हवी होती.

मुलगा प्रभाकर जालन्याहून निघाला होता. तो अकरापर्यंत येणार होता. तोवर तो कागद माझ्या खिशात राहिला.

ज्या दोन ओळींना बाईंनी जिवंतपणी साफ नकार दिला, त्या आता त्यांच्या मुलाकडून मागितल्या जात होत्या. तो देणार की नाही, यावर त्यांचा देह कोठे विसावणार हे ठरायचे होते. ते दोन तास मी त्यांच्या ओसरीवर बसून काढले. जे आठवले ते असे.

रूथबाई आमच्या गावच्या मिशन दवाखान्यात अडतीस वर्षे परिचारिका होत्या. दवाखाना पुढे बंद पडला. बाई निवृत्त झाल्या, तरी गाव त्यांना सिस्टर म्हणत राहिले. ठेंगणा बांधा, पांढरे पातळ, मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलेले घड्याळ. आवाज सपाट. रागावल्या तरी तो चढत नसे आणि कौतुक केले तरी उतरत नसे. कौतुक त्या फारसे करीत नसत.

औषधाच्या खिडकीवर त्यांचा एक नियम होता. बाटली उचलताना नाव वाचायचे, औषध ओतताना वाचायचे आणि बाटली जागेवर ठेवताना पुन्हा वाचायचे. रांग कितीही लांब असो. एकदा तालुक्याचे एक मोठे अधिकारी खिडकीवर खोळंबले आणि म्हणाले, सिस्टर, एकदा वाचलंत ना. बाईंनी तिसऱ्यांदा वाचले, बाटली ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, पहिल्यांदा मी माझ्यासाठी वाचलं. आता तुमच्यासाठी वाचून राह्यली."

पवित्र शास्त्रही, म्हणजे बायबल, त्या असेच वाचीत. आमच्या मंडळीत जुना रिवाज होता. उपदेशक वचनाचे ठिकाण सांगे, सगळे आपापले शास्त्र उघडीत, पानांची सळसळ होई आणि ती थांबेपर्यंत उपदेशक व्यासपीठावर गप्प उभा राही. बाई स्त्रियांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर, खिडकीलगत बसत. वचन सापडले की त्यावर बोट ठेवून त्या आधी वरची ओळ वाचीत, मग खालची. "मागचंपुढचं वाचल्याबिगर काई खरं नाई," हे त्यांचे सांगणे. रविवारच्या शाळेत त्यांनी गावच्या दोन पिढ्यांना हेच शिकवले. मी त्यांपैकी नव्हे; मी त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा. पण माझ्या तिन्ही मुली त्यांच्या हाताखालून गेल्या, आणि घरातले वर्तमानपत्र कधी मधूनच वाचीत नसत.

पास्टर इमॅन्युएल आमच्याकडे आले २०१६ मध्ये. मलकापूर स्टेशनावर त्यांना उतरवून घ्यायला मीच गेलो होतो. पस्तिशीचा उमदा माणूस, गाता गळा, घरोघर जाऊन विचारपूस करण्याची हौस. रिकाम्या बाकांवर तरुण माणसे दिसू लागली, हे मला नाकारता येणार नाही. पत्राच्या शिरोभागी त्यांच्या नावाआधी 'डॉ.' असे छापलेले होते आणि खाली नागपूरच्या एका ईश्वरविज्ञान विद्यालयाचा पत्ता होता.

मंडळीचा सचिव मी होतो. नवा पाळक घ्यायचा तर तीन गोष्टी पाहायच्या असा आमचा नियम: आधीच्या मंडळीचे शिफारसपत्र, शिक्षणाचा दाखला आणि तीन रविवारचे उपदेश. त्या वेळी दोन वर्षे आम्हाला पाळक नव्हता. पहिल्याच रविवारी पास्टरांनी अशी प्रार्थना केली की पंचांपैकी तिघे रडले. त्यानंतर कागद कोणी मागितला नाही. मी बुलढाण्याच्या न्यायालयात नाझर होतो. एका तिकिटासाठी मी लोकांची प्रतिज्ञापत्रे परत पाठवली आहेत. हा एक कागद मी मागितला नाही. रडणाऱ्या माणसांपुढे दाखला मागणे मला अशिष्ट वाटले.

बाईंनी त्याच आठवड्यात विचारले होते. दाखला पाहिला काय? मी म्हटले, माणूस पाहिला.  त्या घड्याळात पाहून निघून गेल्या.

वर्षभरात व्यासपीठामागच्या भिंतीवर पडदा लागला. पास्टर ज्या वचनावर बोलत, तेवढी एकच ओळ ठळक अक्षरांत भिंतीवर येई. लोक शास्त्र घरी ठेवून येऊ लागले. पानांची सळसळ थांबली. बाई मात्र आपले जाड पुस्तक पिशवीतून आणीत राहिल्या. त्यांच्या एकटीच्या पानांचा आवाज सगळ्यांना ऐकू येई, आणि पास्टर त्यासाठी थांबत नसत.

उपदेश हळूहळू एकाच वाटेला लागले. आजार म्हणजे अविश्वास. गोळी म्हणजे देवावरचा संशय. एका रविवारी त्यांनी शास्त्रातल्या त्या आजारी राजाची गोष्ट घेतली, जो मरणाला टेकला, भिंतीकडे तोंड फिरवून रडला आणि ज्याचे आयुष्य देवाने पंधरा वर्षे वाढवले. पास्टर फार चांगले बोलले. मग आवाज खाली आणून त्यांनी मंडळीला विचारले की या गोष्टीत वैद्य कोठे आहे, औषध कोठे आहे.

असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचे नसते. बाई उठल्या.

"पुढच्या ओळीत हाय, पास्टर."

सगळी मंडळी वळली. बाईंचे बोट पानावर होते. "राजाले गळू झालतं. त्याच्यावर अंजिराचा लेप लावला, मंग तो बरा झाला. लेप सांगितला कोनं? संदेष्ट्यानं. तुमच्या भितीवर तेवढी ओळ नाई आली."

पडदा चालवायला शाळेतले एक शिक्षक बसत. उपदेशक थांबला की पुढची ओळ आणायची, ही त्यांची सवय. त्यांनी कळ दाबली. अंजिराचा लेप भिंतीवर आला.

मागच्या बाकांवर कोणी तरी हसले. पास्टरही हसले आणि म्हणाले की आमच्या सिस्टर अजून ड्युटीवर आहेत. पुढच्या रविवारी त्यांनी दुसरा राजा आणला, जो पायाच्या दुखण्यात वैद्यांकडे गेला आणि मेला. बाईंनी या वेळी उठण्याचे टाळले. उपासना सुटल्यावर दारात त्यांनी पास्टरांना सांगितले की त्या राजाने देवाला विचारले नाही, ही त्याची चूक लिहिलेली आहे; वैद्याला विचारले ही नव्हे. दोघांनाही विचारता येते. पास्टरांनी हात जोडले. मागे रांगेत लोक होते.

मग २०१९ सालचा मार्च. तो साक्षीचा रविवार होता. त्या दिवशी लोक उभे राहून देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगतात. पास्टरांनी त्यात नवी रीत घातली. व्यासपीठापुढे एक वेताची टोपली ठेवली आणि ज्याचा विश्वास असेल त्याने आपली औषधे तीत आणून टाकावीत असे सांगितले. गाणे सुरू होते. माणसे एकेक करून उठली. रक्तदाबाची, साखरेची, दम्याची औषधे टोपलीत पडली. चर्चचे चौकीदार दाविदभाऊ यांची मुलगी सुमती तेव्हा पंचवीसेक वर्षांची होती. तिला लहानपणापासून मिरगीचे झटके येत. तिनेही आपल्या गोळ्या टाकल्या.

गाणे संपायच्या आत बाई पुढे आल्या. त्यांनी टोपली उचलली, पहिल्या बाकावरच्या माणसाला सरकायला सांगितले, बसल्या, जवळचा चष्मा लावला आणि एकेक पाकीट उजेडाकडे धरून वाचू लागल्या. तिथूनच नावे पुकारली.

"काशीबाई, हे तुमचं बीपीचं. सकाळी एक, नाष्ट्यानंतर. थोमाभाऊ, साखरेची गोळी अर्धी काऊन तोडली? कोनं सांगितलं अर्धी?"

थोमाभाऊ खाली पाहत म्हणाले की कोणी सांगितले नाही.

पास्टर व्यासपीठावरून म्हणाले, "बाई, ते देवाला अर्पण झालं आहे."

"अर्पन कराले आपलं असावं लागते, पास्टर. ह्या सरकारी दवाखान्याच्या हायेत."

लोक हसले, आणि हसल्यामुळे त्यांना हात पुढे करून औषधे परत घेता आली. बाई प्रत्येकाला वेळ सांगत गेल्या. रिकामी टोपली त्यांनी होती तेथे ठेवली आणि आपल्या बाकावर जाऊन बसल्या. सुमतीच्या गोळ्या मात्र तिच्या हातातून दाविदभाऊंनी काढून घेतल्या आणि पुन्हा टोपलीत टाकल्या. ते चर्चच्या आवारात राहत. त्यांचे छप्पर पाळकाच्या हाती होते.

तिसऱ्या आठवड्यात भाकरी टाकताना सुमतीला झटका आला. उजवा तळहात तव्यावर पडला आणि तेथेच राहिला. सोडवायला घरात कोणी नव्हते.

त्यानंतर सहा महिने रूथबाई रोज सकाळी सात वाजता चौकीदाराच्या दारात उभ्या राहत. हातात गोळी आणि पाण्याचा गडवा. "तोंड उघड. जीभ वर कर. जाय आता." एवढेच बोलत. पहिल्या दिवशी दाविदभाऊ आडवे आले. बाईंनी त्यांना विचारले की तव्याची भीती वाटते की पास्टरची. ते बाजूला झाले.

बाई मायाळू होत्या असे मी म्हणणार नाही. जखम बांधताना सुमती रडली तर त्या थांबत नसत. सुनेच्या स्वयंपाकाला त्यांनी माझ्यादेखत नावे ठेवली आहेत. चारचौघांत माणसाची चूक काढू नये, हे त्यांना कधी समजले नाही. पण स्वतःची चूक त्या तशाच चारचौघांत सांगत. दवाखान्याचे एक जुने बाक पास्टरांनी आपल्या घरी नेले, असे त्या एकदा म्हणाल्या. बाक सुताराकडे दुरुस्तीला गेलेले निघाले. बाई भर दुपारी चालत पाळकाच्या घरी गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "बाकाचं मी खोटं बोलली. माफ करा." पास्टरांनी चहाचा आग्रह केला. चहा घेतला नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे. माफी मागणे ज्याला जमत नाही, अशा माणसाची ही गोष्ट नाही.

सुमतीचा हात भाजल्यावर बाईंनी माझ्याकडून त्या विद्यालयाचा पत्ता मागून घेतला. भाचीला बरोबर घेतले आणि मलकापूरहून गाडीने नागपूरला गेल्या. तिसऱ्या दिवशी परतल्या. पुढच्या बैठकीत पंचांपुढे उभे राहून त्यांनी वृत्तान्त सांगितला. विद्यालय म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. वर्ग नाही, ग्रंथालय नाही. एक सभ्य गृहस्थ खुर्चीत. त्यांनी बाईंची चौकशी केली. दवाखान्यात अडतीस वर्षे, रविवारच्या शाळेत तीस वर्षे, हे ऐकून ते उठून उभे राहिले आणि म्हणाले की एवढ्या सेवेला सन्मानाची डॉक्टर पदवी मिळायलाच हवी. अभ्यासाची गरज नाही. दोन फोटो आणि मंडळीची शिफारस पुरे.

बाईंनी पिशवीतून तो छापील अर्ज काढला आणि टेबलावर ठेवला. "पंचांनी शिफारस करावी. मंडळीत दोन डॉक्टर होतीन. एकाले तरी इंजेक्शन देता येते."

पास्टर पांढरे पडले. मग शांतपणे म्हणाले की प्रभूने निवडलेले शिष्य कोळी होते. त्यांच्याजवळ कोणता दाखला होता? हा युक्तिवाद हलका नव्हता. दोन पंचांनी माना डोलावल्या.

"हाव," बाई म्हणाल्या. "ते कोळी होते, अन् कोळीच हाओ म्हनून सांगत. कोळी असून डॉक्टर म्हनवून घेतलं नाई कोनी. तुमीबी शिकलो नाई म्हनून सांगा, मी उद्यापासून तिसऱ्या बाकावर गुमान बसतो."

 त्या क्षणी पास्टर हो म्हणाले असते तर पुढचे काही घडले नसते, असे मला आजही वाटते. लोकांनी त्यांना ठेवले असते. बाई खरोखर गप्प बसल्या असत्या.

त्याऐवजी महिन्याभराने ठराव आला. देवाच्या सेवकाविरुद्ध बोलून मंडळीत फूट पाडल्याबद्दल रूथबाई साळवे यांचे सभासदत्व रद्द करण्यात येत आहे. हात वर झाले. मी हात वर केला नाही. मी लिहीत होतो. कार्यवृत्तात मी लिहिले की ठराव एकमताने मंजूर झाला.

चार दिवसांनी बाई माझ्या घरी आल्या आणि वही पाहायला मागितली. वाचली. पुन्हा वाचली. म्हणाल्या, "नाझरसाहेब, मी तठी होती. म्या 'नाई' म्हटलं होतं."

मी सांगितले की ज्याच्यावर आरोप आहे त्याला मत नसते.

"मत नव्हतं. तोंड तर होतं."

वही बंद करून त्यांनी ती माझ्या हातात दिली. त्या दिवसानंतर मी 'एकमताने' हा शब्द कोठेही लिहिलेला नाही. ठरावानंतर सातव्या महिन्यात मी सचिवपद आणि मंडळी दोन्ही सोडली. उशीर झाला होता. बाईंनी त्याबद्दल मला काही विचारले नाही. फक्त ओसरीवर एक खुर्ची वाढली.

त्या ओसरीवर दर रविवारी सहा घरे जमत. सगळे मंडळीतून बाहेर पडलेले किंवा काढलेले. पाळक नव्हता. बाईंना कोणी पास्टर म्हटले की त्या पाणी आणायला आत निघून जात. एक अध्याय घ्यायचा आणि सबंध वाचायचा, मध्ये थांबायचे नाही, एवढाच नियम. कधी तासभर चाले, कधी वीस मिनिटे. गाणे एकच, तेही पूर्ण नाही; फार गाण्याने वाचायला वेळ उरत नाही असे त्यांचे मत होते.

आम्ही सहा घरांनी मिळून पास्टरांना एक पत्र पाठवले. माजी सभासद म्हणून. त्यात तीन प्रश्न होते. आपण कोठे शिकलात आणि त्याला साक्षीदार कोण? औषध घेणे पाप आहे, हे शास्त्रात कोठे आहे? सुमतीच्या हाताची जबाबदारी कोणाची? लेखी उत्तर आले नाही. व्यासपीठावरून उत्तर आले, की झाडाची वाळलेली फांदी आपोआप गळते. कोणी तरी ते ओसरीवर येऊन सांगितले. बाई म्हणाल्या, "बरं हाय. चुलीले वाळलेलंच लाकूड लागते." आणि अध्याय उघडला.

पत्र आम्ही दर वर्षी पाठवीत राहिलो. तेच तीन प्रश्न. बाई दर वेळी स्वतः नव्याने लिहून काढीत. जुन्याची छायाप्रत काढू या, असे मी सुचवले. म्हणाल्या, छायाप्रतीवर माणसाला वाटते की विचारणारा थकला.

मागच्या डिसेंबरात बाईंचे हृदयाचे दुखणे वाढले. एका दुपारी पास्टर इमॅन्युएल स्वतः घरी आले. मी तेथे होतो. ते खाली सतरंजीवर बसले. प्रकृती विचारली, मनापासून विचारली. मग म्हणाले की झाले गेले सोडून देऊ. मास्तरांशेजारची जागा आपलीच आहे. नियमाप्रमाणे ती बाहेरच्याला देता येत नाही. आपण दोन ओळी लिहून द्याव्यात, पुढचे मी पाहतो.

बाईंनी उशी पाठीशी नीट लावून घेतली. "मी जे बोलली त्यातली कोनती ओळ खोटी हाय ते दाखवा. तेवढी आत्ता मागं घेतली समजा."

पास्टर म्हणाले की प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही, शांतीचा आहे.

"सुमतीचा हात सरळ होते काय, पास्टर?"

 उठताना पास्टरांनी प्रार्थना करू का असे विचारले. बाई म्हणाल्या, करा. त्यांनी केली. बाईंनी डोळे मिटले आणि शेवटी आमेन म्हटले.

ते गेल्यावर मी म्हटले, मास्तरांशेजारची जागा जाईल. साळवे मास्तरांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. त्यांच्या मृत्युदिनी बाई दर वर्षी दफनभूमीत जात, गवत काढीत आणि शेजारच्या रिकाम्या जागेतलेही काढीत. सभासदत्व गेल्यावर फाटकाला कुलूप लागले. मग त्या फाटकाबाहेर उभ्या राहून येत.

 बाई म्हणाल्या, "मास्तरांले ठाऊक असन, मी काऊन नाई आली."

या विषयावर त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

प्रभाकर अकरा वाजून पाच मिनिटांनी आला. आईजवळ बसला. बाहेर आल्यावर मी त्याला कागद दिला. त्याने वाचला आणि माझ्याकडे पाहिले. पन्नाशीचा माणूस, एका सकाळीत म्हातारा दिसत होता.

"काका, दोनच ओळी आहेत. आई आता काही वाचायला येणार नाही. निदान बाबांजवळ तरी राहील."

डिसेंबरात काय झाले ते मी त्याला सांगितले. शब्द जसेच्या तसे सांगितले. सल्ला दिला नाही. तो मुलगा होता. अधिकार त्याचा होता. त्याने खिशातून पेन काढले. ते उघडून तो तसाच बसून राहिला. निरोप आणणारे पंच ओसरीच्या कडेला उभे होते. 

सुमती आतून आली. बाईंच्या अंगावर पांघरूण घालून आली होती. प्रभाकरच्या समोर बसून तिने उजवा हात पुढे केला. तळव्याची कातडी गोळा झालेली, तीन बोटे कायमची आत वळलेली.

"दादा, ह्या हातानं लिहू काय मी, का मावशी चुकल्या होत्या?"

प्रभाकरने पेन बंद केले. कागदाची घडी घातली, उठला आणि ती पंचांच्या हातात दिली. "पास्टरांना सांगा, आईनं पूर्वीच उत्तर दिलेलं आहे."

मग प्रश्न उरला जागेचा. मिशन दवाखान्याच्या मागे, भिंतीच्या आत, एक लहानशी दफनभूमी आहे. ज्या रुग्णांना न्यायला कोणी आले नाही, त्यांना तेथे पुरत. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्याचे गाव कोणाला कळले नाही तोही. त्या प्रत्येकाच्या मातीला बाई उभ्या राहिलेल्या होत्या. तेथे पंच नाहीत, नोंदवही नाही, कुलूप नाही. मी सुचवले. प्रभाकरने होकारार्थी मान हलवली. दवाखान्याची जमीन सांभाळणाऱ्या विश्वस्तांना मी फोन केला. त्यांनी विचारले, कोणासाठी? नाव सांगितले. ते म्हणाले, परवानगी कशाला मागता.

बाईंच्या शेजारी भाजीमळा करणारे जनार्दनभाऊ आहेत. कोबी भरलेली गाडी त्या दिवशी बाजारात न नेता त्यांनी दोन माणसे, कुदळी आणि फावडी आणली. बाभळीचे रान तोडून वाट केली. मुरूम कठीण होता. अडीच वाजता खड्डा तयार झाला.

पेटीचे झाकण लावण्याआधी मी बाईंना पाहिले. सुमतीने चष्मा काढून ठेवला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना चष्म्याशिवाय पाहिले नव्हते. नाकाच्या दोन्ही बाजूंना खोल लाल खुणा होत्या, आणि त्या दोन खुणांमध्ये चेहरा अगदी लहान, एखाद्या शाळकरी मुलीचा असावा तसा. ओठ मिटलेले होते. झाकण लागले.

पाळक नव्हता. सुमतीने वाचले, मी प्रार्थना म्हटली. मंडळीतलीही काही माणसे आली होती. काशीबाई आल्या, थोमाभाऊ आले, भिंतीबाहेर थांबलेले दाविदभाऊ शेवटी आत आले आणि त्यांनी ओंजळभर माती टाकली. पास्टर इमॅन्युएल रस्त्यापलीकडे मोटरसायकलशेजारी उभे होते. ते आत आले नाहीत. संपेपर्यंत गेलेही नाहीत.

लोक पांगल्यावर मी जनार्दनभाऊंकडून टेप मागून घेतला. त्या जागेला नोंद नाही; पावसाळ्यानंतर रान वाढले की कोण कोठे आहे ते सांगता येत नाही. दगड बसेपर्यंत मोजमाप हवे. पश्चिमेच्या भिंतीपासून अकरा फूट. विहिरीच्या कठड्यापासून सदतीस फूट चार इंच. डोके पश्चिमेकडे. दोन प्रतींवर लिहिले, खाली सही केली आणि सचिव हा शब्द न घालता माझे नाव घातले. एक प्रत प्रभाकरला दिली.

दुसरी मंडळीच्या पंचांच्या नावे लिफाफ्यात घातली. तिच्या शिरोभागी लिहिले: श्रीमती रूथ साळवे यांना कोठे शोधावे, याबाबत. पोस्टात पोचलो तेव्हा रजिस्टरची खिडकी बंद व्हायला सात मिनिटे होती. पोचपावतीचा फॉर्म भरला, तिकिटे लावली, पावती घेऊन खिशात ठेवली आणि घरी आलो.